समोरासमोर दोन खुर्च्या

१

सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी पावणेदहाला मी बाबांना गाडीत बसवायचे, त्यांचा उजवा पाय हाताने उचलून आत घ्यायचे, पट्टा लावायचे आणि भोकरदनच्या बाहेर, जालना रस्त्यावरच्या वृद्धाश्रमात जायचे. मी वाचा-उपचारतज्ज्ञ. पाटीवर तसं लिहिलंय. लोक मात्र 'बोलायच्या मॅडम' म्हणतात आणि तेच जास्त बरोबर आहे. लकवा होऊन ज्यांचं बोलणं गेलं त्यांना पुन्हा बोलतं करायचं, हे माझं काम. पूर्ण बोलतं सहसा कुणी होत नाही. 'पाणी', 'दुखतंय', 'नको' एवढं जमलं तरी मी घरी येऊन स्वतःसाठी आलं टाकून चहा करते.

बाबा म्हणजे नागसेन गुरुजी, धावड्याच्या शाळेतून निवृत्त झालेले. शाळेत एकतीस वर्षं बोलले, घरी त्याहून जास्त बोलले. आई गेल्यानंतर दोनच वर्षांत लकवा झाला आणि मी त्यांना माझ्याकडे आणलं. घरात दुसरं कुणी नाही, म्हणून कामाच्या दिवशी ते माझ्यासोबत. त्यांच्याजवळ शब्द उरले होते तीन: 'सुमी', 'चहा' आणि 'बरं'. शिवाय रोज सकाळी बुद्धांच्या फोटोसमोर उभं राहून म्हणायची वंदना. ती मात्र अख्खी, एक शब्द न चुकता. असं होतं. जन्मभर रोज म्हटलेलं मेंदू वेगळ्या कप्प्यात ठेवतो, ते लवकर जात नाही. पंचशीलातल्या दुसऱ्या ओळीनंतर बाबा थांबायचे, वर्ग मागून म्हणतोय का ते ऐकायला. वर्गात मी एकटीच. मी माझी ओळ म्हणायचे, मग ते पुढे जायचे.

तो आवाज होता तोवर माझे बाबा होते. पाय नाही उचलला तरी चालेल, हात नाही वळला तरी चालेल, पण आवाज जाऊ नये, एवढंच माझं मागणं होतं.

२

आश्रमात माझे तीन पेशंट होते, बाबा चौथे. माझी एक पद्धत आहे. पुस्तकात थोडी आहे, बाकी माझ्या पदरची. समोरासमोर दोन खुर्च्या, गुडघ्याला गुडघा. एकीवर ज्याला थोडंफार बोलता येतं तो, दुसरीवर ज्याला काहीच येत नाही तो. डाव्या हाताचा तळवा समोरच्याच्या तळव्यावर ठेवायचा. मी टेबलावर ठेका धरते. बोलणारा ठेक्यावर बोलतो, दुसरा त्याच्या तोंडाकडे बघत ओठ हलवतो. म्हातारी माणसं डॉक्टरपेक्षा म्हाताऱ्या माणसांकडून लवकर शिकतात, हा माझा अनुभव.

कचरूकाका शहागडचे, शेतकरी गडी, हाडापेराने मोठे. लकवा झाल्यापासून अकरा महिने तोंडातून हूं की चूं नाही. त्यांच्यासमोर मी उषाबाईंना बसवलं. उषाबाईंनी जन्म भाजीबाजारात काढला होता आणि लकव्यानंतर त्यांच्याकडे एकच वाक्य राहिलं होतं: "अगं बाई, थांब की." चहा हवा असला तरी तेच, लघवीला जायचं असलं तरी तेच, पण सूर असा बदलायच्या की सगळ्यांना बरोबर समजायचं.

तिसऱ्या आठवड्यात कचरूकाका बोलले. "अगं बाई, थांब की." बारीक, लाडिक, शेवटाला वर जाणारा सूर. आश्रमातली दीपमाला औषधांचा डबा हातात घेऊन हसत खालीच बसली.

"ताई, तुम्ही काकांची बाई करून टाकली की वो."

मीही हसले. लहान मूल आईच्याच सुरात पहिला शब्द म्हणतं, तसंच हे, असं तिला समजावलं. फाइलमध्ये तारीख टाकून लिहिलं: पहिला उच्चार. कचरूकाकांच्या मुलाला, कल्याणला, व्हिडिओ पाठवला. पेढे मागवले आणि पहिला पेढा उषाबाईंना भरवला, कारण श्रेय त्यांचंच होतं.

त्यांनी पेढा खाल्ला. माझ्याकडे बघून तोंड उघडलं. बराच वेळ उघडंच ठेवलं, मग मिटलं.

३

उषाबाई त्यानंतर बोलल्या नाहीत. मी आधी 'थकवा' लिहिलं. दुसऱ्या आठवड्यात 'नवीन झटका असावा' लिहून त्यांना तपासायला पाठवलं. नवीन काही निघालं नाही. मग मी 'मनःस्थिती' असं लिहिलं. काहीच कळत नसलं की आम्ही हा शब्द लिहितो.

कचरूकाका मात्र दिवसभर "अगं बाई, थांब की" म्हणत होते. एकदा मी व्हरांड्यातून जात होते. काका पलंगावर पडलेले, डोळे मिटलेले, आणि तेच वाक्य काकुळतीला आलेल्या सुरात चाललेलं. आतल्या खोलीत दीपमाला उषाबाईंचे गुंतलेले केस ओढून विंचरत होती. उषाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी दीपमालाला म्हटलं, जरा हळू विंचर. तिचा हात हलका झाला आणि बाहेरचं वाक्य थांबलं. योगायोग, असं मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले, म्हणजे मला शंका आली होती.

शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. मी काय केलं? उषाबाईंच्या खुर्चीवर बाबांना बसवलं. अकरा महिने मुका असलेला माणूस माझ्या पद्धतीने बोलला होता. त्याच खुर्च्यांत बाबांना चौथा शब्द मिळेल, पाचवा मिळेल, या लोभाने मी बसवलं. तो दोष दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही. त्या बुधवारी मी स्वतःच्या हाताने बाबांचा तळवा कचरूकाकांच्या तळव्यावर ठेवला आणि ठेका धरला.

४

गुरुवारी सकाळी बाबा आंघोळ करून फोटोसमोर उभे राहिले. मी चटणी वाटत होते. ओठ हलताना दिसले. मिक्सरमुळे ऐकू येत नाही असं वाटून मी मिक्सर बंद केला.

ओठ हलतच होते, शब्दाशब्दाला बरोबर हलत होते. दुसऱ्या ओळीनंतर ते थांबले आणि माझ्याकडे बघितलं. मी माझी ओळ म्हटली. ते पुढे गेले. घरात फक्त माझाच आवाज झाला होता, आणि बाबांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की त्यांना हे माहीतच नाही.

त्याच दिवशी जालन्याला नेलं. डोक्याचा फोटो काढला, घसा तपासला. डॉक्टर म्हणाले, नवीन काही नाही, स्वरयंत्र ठणठणीत आहे, बोलतं करायचं काम तुमच्याच लाइनीचं.

शुक्रवारी आश्रमाच्या फाटकातच दीपमालाने मला गाठलं.

"ताई, कचरूकाकांना वंदना कुणी शिकवली? काल सकाळी म्हणून राह्यल्ते. आमच्या घरी रोज असते, मला कळती ना. बिलकुल बराबर म्हणत होते."

"किती वाजता?"

"साडेसात असतील. मधीच थांबले, मला वाटलं इसरले. मंग जराशानं आपले आपण पुढं म्हणू लागले."

"कुठे थांबले?"

तिने जागा सांगितली. मी गाडीचं दार लावायला वळले, कारण माझा चेहरा तिला दिसायला नको होता.

५

आमच्या कामात गळ्यावर बोटं ठेवून बघतात. आवाज फुटत असेल तर बोटांना थरथर कळते. पहिल्या महिन्यात शिकवतात ते हे.

व्हीलचेअर आणि पाण्याचे जार ठेवायची एक खोली होती. तिथे मी दोघांना नेलं, दार लावलं, बाबांना पंख्याखाली बसवलं, काकांना भिंतीपाशी. पाच मिनिटं काहीच झालं नाही. जुना पंखा कुरकुरत होता.

"सुमी, पंखा कमी कर. डोकं दुखून राह्यलं."

बाबांचा आवाज. मला दोन वर्षांनी ऐकायला मिळालेलं बाबांचं अख्खं वाक्य. आला भिंतीपासून, कचरूकाकांच्या तोंडातून. काकांच्या डोक्यावर पंखा नव्हता.

मी पंखा कमी केला. काकांच्या गळ्यावर बोटं ठेवली. "बाबा, आता बरंय का?" असं विचारलं, आणि कुणाकडे बघून विचारू ते न कळून मधल्या जारकडे बघितलं.

"आता बरं वाटतं," काकांचे ओठ म्हणाले. माझ्या बोटांखालचा गळा हलला नाही. झोपलेल्या माणसाचा असतो तसा गप्प.

मग मी दुसरा हात बाबांच्या गळ्यावर ठेवला आणि पुन्हा काहीतरी विचारलं. त्यांचं तोंड मिटलेलं होतं. आतून थरथर येत होती, टेबलावर ठेवलेला मोबाइल सायलेंटवर वाजावा तशी. उत्तर भिंतीकडून आलं.

बोटं चुकली असतील. काकांच्या गळ्याला चरबी आहे, बाबांच्या गळ्यात कफ असेल. फाइल उघडून बसले आणि पंधरा मिनिटांनी काही न लिहिता मिटली.

६

आता जे सांगते त्याची मला लाज वाटते. मी खूश होते.

बाबा बोलत होते. लकव्यानंतर कधी बोलले नाहीत एवढं. मी रोज जायला लागले, रविवारीसुद्धा. त्या खोलीत आम्ही तिघं तास तास बसायचो. लग्नानंतर आईला अजिंठ्याला नेलं, तर माकडं डब्याची पिशवी नेतील म्हणून ती बाहेरच बसून राहिली, लेणी बघितलीच नाहीत, हे मला त्या खोलीत कळलं. माझी भाजी आईसारखी होत नाही हेही कळलं. "पण आता बरी होऊन राह्यली," असं बाबा म्हणाले आणि मी जारला टेकून रडले.

चौथ्या की पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी खुर्ची फिरवून घेतली आहे. तोंड कचरूकाकांकडे, पाठ बाबांकडे. कधी फिरवली ते आठवेना. मी वळून बघितलं. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. ते काकांच्या तोंडाकडे बघत होते, आपली चप्पल दुसऱ्याच्या पायात दिसल्यावर माणूस बघतो तसे. मी त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो काढून घेतला नाही, आणि दाबलाही नाही.

७

कल्याण शनिवारी आला. शहागडला हायवेवर त्याचं टायरचं दुकान आहे. उंचापुरा, हळवा माणूस. आल्याआल्या बापाच्या पाया पडला.

"आपण कोण?" कचरूकाका बाबांच्या आवाजात म्हणाले. स्वच्छ, शाळेत पालकांशी बोलायचे तसं.

कल्याणच्या डोळ्यांत पाणी आलं. तो हसायलाही लागला. "मॅडम, आमचा बाप जल्मात कुणाला आपण म्हणाला न्हाई. आवाज बी बदलला. लकव्यात बदलतो न्हाई का आवाज?"

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला फक्त 'हो' ऐकायचं होतं.

"बदलतो," मी म्हटलं.

"मंग मी यांना घरी घेऊन जातो. आई रोज इचारती. बोलत नव्हते, काय दुखतं खुपतं कळत नव्हतं, म्हणून ठिवलं होतं इथं. आता बोलून राह्यले तर कशाला ठिवायचं?"

मी म्हटलं, अजून एक महिना ठेवा. मी म्हटलं, प्रवासाचा त्रास होईल. मी म्हटलं, अशा वेळी जागा बदलली की बोलणं पुन्हा जाऊ शकतं. तेवढ्यात त्याने पिशवीतून माझाच रिपोर्ट काढला, प्लॅस्टिकच्या पाकिटात नीट ठेवलेला. सुधारणा उल्लेखनीय, कुटुंबात राहिल्यास अधिक फायदा. खाली माझी सही.

"तुम्हीच लिहिलंय ना, मॅडम?"

काय सांगणार? तुमच्या बापाच्या तोंडात माझा बाप आहे, असं? माझ्या जागी दुसरं कुणी असं बोललं असतं तर मीच त्याला डॉक्टरकडे पाठवलं असतं. मी घरी सोडायच्या कागदावरही सही केली.

गाडी निघाली तेव्हा मी बाबांच्या खुर्चीमागे उभी होते, माझी बोटं त्यांच्या गळ्यावर. थरथर जोरात होती. गाडीच्या खिडकीतून "सुमी, सुमी" अशा हाका येत होत्या. कल्याणने गाडी हळू करून मला हात केला. "पाहा, तुमचंच नाव घेऊन राह्यले," तो कौतुकाने म्हणाला.

गाडी रस्त्याला लागून दिसेनाशी झाली. बोटांखालची थरथर थांबली. मी बराच वेळ बोटं तशीच ठेवली.

८

त्यानंतर बाबा सुधारत गेले. जेवण वाढलं, झोप लागायला लागली, उजवा हात खांद्यापर्यंत उचलू लागले. भेटायला येणारे म्हणायचे, लेकीने बापाला उभं केलं. सकाळी आंघोळ करून ते सरळ खुर्चीत बसायचे. फोटोकडे बघायचे नाहीत. मी एकदा हाताला धरून फोटोसमोर नेलं, तर परक्याच्या घरात उभं राहावं तसे अवघडून उभे राहिले, आणि मग माझ्याकडे बघून हसले. बाबा हसताना खालचा ओठ दाबायचे. यांनी दाबला नाही. लकव्याने चेहऱ्याचे स्नायू बदलतात, हे मी लोकांना शेकडो वेळा सांगितलंय.

अकराव्या दिवशी दुपारी कल्याणचा फोन आला.

"मॅडम, लई हाल हायेत. जेवत न्हाईत. मला घरी न्या म्हणतात. म्हटलं, बाबा, घरीच हायेत तुम्ही. आई जवळ गेली की वरडतात, या बाईंना मी ओळखत न्हाई म्हणतात. डॉक्टरनं गोळी दिली, शांत राहायची. आतापासून चालू करायची हाय."

"गोळी देऊ नका. मी निघते आहे. आधी त्यांना फोन द्या."

मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. बाबा शेजारच्या खुर्चीत बसून शेंगा सोलत होते. पलीकडे बांगड्यांचा आवाज आला, कुणीतरी "घ्या, बोला" म्हणालं, मग श्वास.

"सुमी."

"बाबा, मी ऐकतेय."

"मला इथं का सोडलं, सुमी? ही माणसं चांगली हायेत, पण मला बाप म्हणून राह्यली. आरशात माझं तोंड न्हाई. सुमी, तू घरी कुणाला घेऊन गेलीस?"

शेंगा सोलायचा आवाज थांबला. माझ्या शेजारून उजवा हात पुढे आला. खांद्यापर्यंतच उचलता येणारा तो हात सावकाश टेबलावर आला, आणि अंगठ्याने लाल बटण दाबलं.

मी लगेच परत फोन लावला. तीनदा वाजून बंद झाला. चौथ्यांदा कल्याणने उचलला. "दिली गोळी, मॅडम. लई घाबरले होते, आईला बघवंना. निजले आता."

९

मी शहागडला गेले. शेजारच्या दैवशालाबाईंना घरी बसवलं होतं, गाडीने जाऊन यायला रात्र झाली. कल्याणच्या आईने चहा केला, माझे हात धरून आभार मानले. पलंगावर कचरूकाका उताणे पडले होते. डोळे उघडे होते आणि ते डोळे मला ओळखत होते. गोळीने जीभ जड झालेली, ओठांच्या कोपऱ्यात लाळ. मी वाकले तेव्हा त्यांनी माझी ओढणी मुठीत धरली.

"यांना काही दिवस माझ्याकडे पाठवा," मी म्हटलं.

"असं कसं, मॅडम?" कल्याण म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "आमचा बाप हाय."

त्याने एकेक बोट सोडवून माझी ओढणी मोकळी केली, आणि वडलांचा हात हळूच पांघरुणात ठेवला. गोळी दोन वेळा, कायमची, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी त्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, वयोमानाने असा भ्रम होतो, तुम्हाला तर माहीत असेल.

घरी आले तेव्हा दैवशालाबाई दारातच चपला घालत होत्या. "तुझ्या बाबांचा काहीच तरास न्हाई बघ," त्या म्हणाल्या. "गरीब माणूस."

आत दिवा लागलेला होता. टेबलावर दोन ताटं मांडलेली होती. भाकरी झाकलेली, पाण्याचे तांबे भरलेले. बाबांच्या खुर्चीत बसलेला माणूस माझी वाट बघत होता. मी दारात उभी राहिले. त्याने उजव्या हाताने शेजारची खुर्ची थोडी मागे ओढली आणि तिच्यावर दोनदा थोपटलं.

मी हात धुऊन आले आणि बसले.